बिडाला तडा देणारे पाणी

प्लॅस्टिकच्या बाटलीत काठोकाठ पाणी भरा, झाकण घट्ट लावा आणि ती रात्रभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. (काचेची बाटली मुळीच घेऊ नका!) सकाळी बाटली फुगलेली दिसेल. बहुतेक पदार्थ गोठताना आकुंचन पावतात. पाणी मात्र प्रसरण पावते. १०० घनसेंटिमीटर पाण्याचा सुमारे १०९ घनसेंटिमीटर बर्फ होतो.

बाटली फुगली तरी फारसे बिघडत नाही. पण तिच्या जागी बोटीचे इंजिन असेल तर?

अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवर सुपिरिअर हे विशाल सरोवर आहे. त्याच्या काठच्या डुलुथ बंदरात हिवाळ्यात तापमान उणे २० अंशांच्याही खाली उतरते. त्यामुळे हंगाम संपला की हौशी लोक आपल्या बोटी पाण्याबाहेर काढून वसंत ऋतूपर्यंत ठेवून देतात. पुष्कळ बोटींत इंजिन बोटीच्या पोटात बसवलेले असते. त्यांपैकी अनेक इंजिनांना मोटारीसारखा रेडिएटर नसतो. एक पंप सरोवराचेच पाणी आत ओढतो. ते इंजिनाभोवतीच्या पोकळ्यांतून फिरते आणि धुराच्या नळीतून बाहेर पडते. बोट कोरड्या जमिनीवर आली, तरी या पोकळ्यांत पाणी उरतेच.

थंडी वाढली की अरुंद वाटांतील पाणी आधी गोठते आणि मार्ग बंद होतो. मग आत कोंडलेल्या पाण्याला पसरायला जागा राहत नाही. उणे १० अंशांना पाणी गोठू द्यायचे नसेल, तर हजाराहून अधिक वातावरणांइतका दाब लागतो! इंजिनाचा सांगाडा बहुधा बिडाचा असतो. बीड दाबले तर टिकते. पण ताणले तर तडकते. आतून रेटा आला की त्याच्या भिंती ताणल्या जातात आणि चीर पडते. मालकाला ती कळते वसंतात, तेलात पाणी मिसळून ते दुधाळ झाले म्हणजे!

यावर उपाय सोपा आहे: थंडीपूर्वी सगळे पाणी काढून टाकायचे. त्यासाठी इंजिनाच्या तळाशी दोन्ही बाजूंना आणि धुराच्या नळ्यांखाली बुचे असतात. पण इथेच माणूस फसतो. बूच काढले आणि पाणी आले नाही, की त्याला वाटते, इंजिन रिकामे आहे. खरे तर गाळाने आणि गंजाच्या कपच्यांनी छिद्र बुजलेले असते. म्हणून जाणकार माणूस प्रत्येक छिद्रात तार घालून ढवळतो, धार लागून ती थांबेपर्यंत पाहतो, मग पंप आणि रबरी नळ्याही रिकाम्या करतो. पुष्कळजण नंतर पोकळ्यांत प्रॉपिलीन ग्लायकॉल असलेले, न गोठणारे मिश्रण भरतात.

जुने तेलही बदलतात, कारण ज्वलनातून त्यात आलेली आम्ले धातू खातात. बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवतात. उतरलेल्या बॅटरीतील आम्ल पातळ झालेले असते आणि ते लवकर गोठते.

आता एक प्रश्न. इंजिनाच्या पोकळ्यांत निम्मेच पाणी उरले, तर धोका टळला असे म्हणता येईल का? उत्तर देण्यापूर्वी एवढेच विचारा: ते पाणी कुठे उरले आहे, आणि त्याला पसरायला वाट आहे का?