चौविहार आणि औषधाची वेळ
चौविहार पाळणाऱ्या मधुमेही रुग्णाच्या पोटात सूर्यास्तापासून नवकारसीपर्यंत, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपर्यंत, अन्नपाणी जात नाही. अशा वेळी रात्रीचे इन्सुलिन नेहमीच्या मात्रेत दिल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. म्हणून रुग्णालयात दाखल होतानाच परिचारिकेने नियम विचारावा आणि कुटुंबीयांनी तो निःसंकोच सांगावा. मात्रा व वेळ डॉक्टर ठरवतील. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते. गोळी वा द्रवरूप पर्याय आहे का, हेही विचारावे.

घाम, थरथर जाणवल्यास मात्र परिचारिकेला सांगून तत्काळ साखर घ्यावी. पच्चक्खाणातच ‘सर्वसमाधिप्रत्ययाकार’ हा आगार आहे: तीव्र पीडेत समाधी टिकावी म्हणून घेतलेल्या औषधाने व्रतभंग होत नाही. घरच्या ज्येष्ठांना हे आधीच समजावून ठेवावे.