कालचें वर्तमानपत्र : एका मानी प्रियकराचें गीत

साल्सा हें नांव ऐकतांच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें केवळ नाच उभा राहतो. क्यूबा व प्वेर्तो रीको या बेटांच्या सुरांतून न्यूयॉर्क शहरीं वाढलेल्या या संगीतांतील गीतांना अर्थही असतो, आणि क्वचित् तो आपल्या साहित्यशास्त्राच्या अगदीं जवळ येतो. हेक्टर लावो या गायकाचें १९७६ सालचें 'पेरिओदिको दे आयेर', म्हणजे 'कालचें वर्तमानपत्र', हें गीत त्यांपैकींच होय.

गीताचे कर्ते तीते कुरेत आलोन्सो (१९२६–२००३) हे प्वेर्तो रीकोंत टपालखात्यांत नोकरी करीत व वर्तमानपत्रांतही लिहीत; छापील कागदाचें आयुष्य किती, हें त्यांना कोणी शिकवावयास नको होतें. प्रेयसीचें प्रेम म्हणजे शिळें वर्तमानपत्र, एवढीच गीताची कल्पना.

साहित्यदर्पणकार विश्वनाथानें विप्रलंभ शृंगाराचे चार भेद सांगितले, त्यांत मान हा एक. मान म्हणजे कोप. प्रणयमान स्त्रीपुरुष दोघांसही संभवतो. ईर्ष्यामान मात्र त्यानें स्त्रियांच्याच पदरीं घातला. म्हणूनच कीं काय, आमच्या काव्यांत मानिनी जागोजाग भेटते, मानी प्रियकर शोधावा लागतो. येथें पुरुष रुसला आहे. कां रुसला, हें तो सांगत नाहीं. त्याच्या मानाला तें कमीपणाचें वाटत असावें.

पण मानिनी मनधरणीची वाट पाहत असते. यानें तर दार लावून घेतलें. मग हा शृंगार कसला, हा निव्वळ तिरस्कार, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. याच गीतांत तो सांगतो कीं, तिच्या नांवाचें कात्रण आपण जपून ठेवलें होतें व तें विस्मृतीच्या वहींत चिकटविलें आहे. अहो, ज्याला खरोखर विसरावयाचें, तो रद्दी वाण्याला घालतो. कात्री, खळ आणि वही घेऊन बसत नाहीं!

एक गोष्ट मात्र आम्हांस रुचली नाहीं. तिचें नांव पानभर मथळ्यानें गाजून सर्वतोमुखीं झालें, असेंही तो तिला ऐकवितो. स्वतःचा मान राखतांना दुसरीची चारचौघांत शोभा करणें मानी पुरुषाला साजत नाहीं. आमची खंडिता रागावते ती प्रियकराच्या तोंडावर, फार तर सखीजवळ.

उत्तरार्धांत साथीदार पालुपद धरतात आणि गायक त्यावर उत्स्फूर्त ओळी टाकीत जातो. भजनांत टाळकऱ्यांनीं धृपद धरावें तसाच हा प्रकार. पालुपद त्या शिळ्या कागदाच्या निरुपयोगाचें. तें जितकें घोळतें तितका लावो त्याच पानाकडे वळतो. वाचावयाचें नाहीं म्हणतो, आणि घडी उलगडीतच राहतो.