कानसेन आणि चांदीची तार

मागच्या व्याख्यानानंतर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा निरोप आला. नोकरीला लागून दोन वर्षं झाली आहेत. पैसे साठवून त्यानं उत्तम हेडफोन घेतला. आता मित्र म्हणतात, सोबतची केबल फेकून दे, चांदीची घे, मग खरं संगीत ऐकू येईल. यानं एका मित्राची केबल लावून पाहिली, त्याला काहीच फरक कळला नाही. तर उत्तर मिळालं, 'तुझे कान अजून तयार नाहीत.' आता तो हप्त्यावर केबल घ्यायच्या विचारात आहे. त्यानं आम्हाला विचारलं, 'सर, दोष केबलमध्ये आहे की माझ्यात?'

हा प्रश्न अर्धा विजेचा आहे आणि अर्धा ज्ञानमीमांसेचा. आज आपण दोन्ही अर्ध्या भागांकडे बघू.

आधी वीज. अँप्लिफायरकडून आलेला संकेत हेडफोनच्या पडद्यापर्यंत पोचवणं, एवढंच केबलचं काम. वाटेत तिचा स्वतःचा रेझिस्टन्स थोडासा संकेत खातो. किती? तीन मीटरची, २६ गेजची तांब्याची केबल घ्या. जाऊन-येऊन तिचा रेझिस्टन्स साधारण ०.८ ओहम भरतो. सेनहायझरचा एचडी ६५० हा हेडफोन ३०० ओहमचा. तीनशेपुढे ०.८ म्हणजे आवाजात सुमारे ०.०२ डेसिबलची घट. एवढा फरक कुणाच्याही कानाला कळत नाही.

बरं, आता तांब्याऐवजी चांदी घालू. चांदी अधिक चांगली वाहक आहे हे खरंच, पण जेमतेम पाच-सहा टक्क्यांनी. ०.८ चे ०.७५ होतील. त्यापेक्षा तांब्याचीच तार एक गेज जाड घेतली, तर रेझिस्टन्स वीस टक्क्यांनी उतरतो. 'वरच्या पट्टीतले स्वर तारेच्या पृष्ठभागावरून वाहतात' असंही सांगितलं जातं. तो परिणाम खरा आहे, त्याला स्किन इफेक्ट म्हणतात. पण २० किलोहर्ट्झलासुद्धा तांब्यात त्याची खोली जवळजवळ अर्धा मिलिमीटर असते. हेडफोनच्या तारेची त्रिज्याच त्याहून कमी! म्हणजे वीज सगळी तार वापरतेच. आणि सोनं? ते तर तांब्यापेक्षा कमी प्रतीचं वाहक. पिनेवर त्याचा मुलामा देतात तो गंज चढू नये म्हणून, आणि ते कारण अगदी योग्य आहे.

मग केबलनं कधीच फरक पडत नाही का? तसं नाही. कानाच्या आत बसणारे, अनेक ड्रायव्हरांचे इअरफोन असतात. त्यांचा इम्पीडन्स स्वरागणिक बदलतो. समजा तो एका ठिकाणी ८ ओहम आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ४०. तीच ०.८ ओहमची केबल पहिल्या ठिकाणी ०.८ डेसिबल खाईल, दुसऱ्या ठिकाणी ०.२ देखील नाही. म्हणजे आवाजाचा तोलच थोडा बदलला. हा फरक ऐकू येऊ शकतो. त्यावर उपाय म्हणजे आखूड आणि पुरेशी जाड तार. धातू तांबंच असू द्या.

आता पिना. जुनी ६.३५ मिलिमीटरची जाड पिन मूळची एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधली. ३.५ ची पिन हे तिचं धाकटं भावंडं. दोन्हींत तीन संपर्क असतात : डावा, उजवा आणि दोघांचा मिळून परतीचा एक. या सामाईक वाटेवर रेझिस्टन्स असला, की डाव्याचा आवाज थोडा उजव्यात झिरपतो. म्हणून दोन्ही कानांच्या परतीच्या तारा थेट पिनेपर्यंत वेगळ्या ठेवलेली, म्हणजे चार तारांची केबल चांगली. बॅलन्स्ड जोडणीत त्या पिनेतही वेगळ्याच राहतात. त्यासाठी २.५ आणि ४.४ मिलिमीटरच्या पिना आहेत, आणि टेबलावरच्या अँप्लिफायरसाठी चार पिनांचा एक्सएलआर. २.५ ची पिन नाजूक, वाकते. ४.४ ची दणकट आहे.

हेडफोनच्या टोकाला तर प्रत्येक कंपनीचा वेगळा संसार. कुणाची स्वतःची दोन काड्यांची पिन, कुणाचा मिनी एक्सएलआर, इअरफोनना एमएमसीएक्स किंवा ०.७८ मिलिमीटरची टू-पिन. इथे दोन गोष्टी सांभाळा. एक, दोन्ही बाजूंना ३.५ च्या पिना असलेल्या केबली दिसायला सारख्या, पण आतली जोडणी कंपनीगणिक वेगळी असू शकते. आपल्या मॉडेलचं नाव सांगूनच घ्या. दोन, टू-पिन एका कानाला उलटी बसली तर खर्ज पातळ होतो आणि गायकाचा आवाज मधोमध न राहता विरतो. असं झालं तर आधी पिन तपासा.

आणि एक इशारा. अँप्लिफायरच्या बॅलन्स्ड सॉकेटमध्ये साध्या तीन संपर्कांच्या पिनेसाठीचा अडॅप्टर कधीही लावू नका. दोन ऋण टोकं एकमेकांना चिकटतात आणि अँप्लिफायर जळू शकतो. उलट, साध्या सॉकेटमधून अडॅप्टर लावून बॅलन्स्ड केबल वाजवणं सुरक्षित आहे.

आता दुसरा अर्धा भाग, आणि इथे आम्हाला स्वतःबद्दलच बोललं पाहिजे. निवृत्तीनंतर आम्हीही चांदीची केबल घेतली होती. किंमत सांगत नाही, घरची मंडळी हे व्याख्यान ऐकतात. पहिल्याच संध्याकाळी तानपुरा कसा मोकळा झाला, जवारी कशी स्पष्ट झाली! आम्ही महिनाभर सगळ्यांना सांगत सुटलो.

आमच्या भाच्याला शंका आली. त्याच्या लक्षात आलं, की जुनी केबल साध्या सॉकेटला होती आणि नवी ४.४ च्या पिनेमुळे बॅलन्स्ड सॉकेटला. आमच्या अँप्लिफायरचं ते सॉकेट दुप्पट व्होल्टेज देतं, म्हणजे ६ डेसिबल जास्त. आवाजच मोठा होता! आणि थोडा मोठा आवाज कानाला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. मग त्यानं अडॅप्टर लावून दोन्ही केबली एकाच सॉकेटवर आणल्या, मीटरनं पातळी जुळवली, आमचे डोळे बांधले आणि नाणं उडवून केबल बदलत राहिला. वजनावरून ओळखू नये म्हणून हेडफोन तोच चढवायचा, तोच काढायचा. सोळा वेळा विचारलं. आम्ही नऊ वेळा बरोबर आलो. नाण्यानंही तेवढंच केलं असतं. सोळापैकी बारा आले असते तर गोष्ट वेगळी. नुसत्या योगायोगानं तेवढे यायची शक्यता शंभरात चारही नाही.

इथे डेव्हिड ह्यूमची आठवण होते. १७५७ च्या अभिरुचीवरच्या निबंधात तो 'डॉन किहोते'मधली एक गोष्ट सांगतो. दोन जाणकार एक दारू चाखतात. एक म्हणतो, छान आहे, पण किंचित चामड्याची चव. दुसरा म्हणतो, लोखंडाची. लोक हसतात. पिंप रिकामं केल्यावर तळाशी चामड्याचा पट्टा बांधलेली किल्ली सापडते. आपले महागड्या केबलवाले मित्र स्वतःला त्या जाणकारांच्या जागी बघतात. बघू द्या. पण त्या गोष्टीत पिंप रिकामं केलं गेलं होतं, हे विसरू नका. आमच्याही पिंपाच्या तळाशी किल्ली सापडलीच, पण ती सॉकेटची निघाली, चांदीची नव्हे.

आपल्या नैयायिकांच्या भाषेत सांगायचं, तर 'फरक ऐकू आला' हे प्रत्यक्ष, आणि 'केबलमुळे ऐकू आला' हे अनुमान. प्रत्यक्षाबद्दल आम्ही कुणाशी वाद घालणार नाही. अनुमानाला मात्र हेतू तपासावा लागतो. बाकी सगळं तेच ठेवून फक्त केबल बदलली, तरी फरक टिकतो का? एवढंच विचारायचं.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला आमचं उत्तर असं. केबल घेताना आधी दोन्ही टोकांच्या पिना जुळतात का ते बघ. मग गरजेपुरती लांबी, पुरेशी जाडी आणि पिनेजवळचा लवचीक आधार बघ, कारण केबल बहुधा तिथेच तुटते. हलकी आणि मऊ आहे ना, कपड्याला घासल्यावर कानात खरखर येत नाही ना, हे घालून बघ. दिसायला आवडली म्हणून घेतलीस तरी आमची हरकत नाही. आवड हे प्रामाणिक कारण आहे. पण तुला फरक ऐकू आला नाही, तेव्हा तू तसं सांगितलंस. कानसेन व्हायची सुरुवात तिथूनच होते. हप्ता भरू नकोस. त्या पैशांत सवाई गंधर्वचं तिकीट काढ, आणि तानपुऱ्याच्या तारेखालचा दोरा केसभर सरकवल्यावर काय होतं ते समोर बसून ऐक. तो फरक ऐकायला कुणाच्या शिफारशीची गरज पडत नाही.

आता प्रश्न घेऊ.