दवाखान्यात 'शरीक' होणं

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, यात तत्त्वज्ञान कुठं आलं? आजारी माणसापाशी बसायचं, डबा न्यायचा, गोळ्या आणायच्या. पण आमच्या वयाची माणसं आता दोन्ही जागी असतात: कधी खाटेवर, कधी खाटेशेजारच्या स्टुलावर. म्हणून म्हटलं, यावर जरा नीट बोलू.

आपल्या नांदेड-लातूर भागात माणूस दवाखान्यात नुसता 'भरती' होत नाही, 'शरीक' होतो. 'मामाला लातूरला शरीक केलंय' असा निरोप येतो. पुण्याच्या माणसाला हे चटकन कळत नाही. शब्द उर्दूतला, निजामाच्या राजवटीपासून आपल्या बोलीत राहिलेला. शरीक म्हणजे सहभागी, वाटेकरी. गंमत बघा, नाव रोग्याचं लागतं, पण दवाखान्याचा वाटा त्याच्याबरोबर आलेल्यांनाही उचलावा लागतो.

किनवट-माहूरकडून शंभराहून अधिक किलोमीटर कापून लोक नांदेडला येतात, देवणी-निलंग्याहून लातूरला. एका रोग्याबरोबर दोघं-तिघं असतातच. कुठल्याही मोठ्या दवाखान्यात 'पेशंटचे नातेवाईक कोण?' अशी हाक आली की तिथं नातं विचारलेलं नसतं, हातपाय हवे असतात. चिठ्ठीवरचं औषध आणायचं असतं, रिपोर्ट पोचवायचा असतो, महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्डाची झेरॉक्स काढायची असते. संध्याकाळ होते तेव्हा या माणसानं रोग्यासाठी सगळं केलेलं असतं, आणि रोग्यापाशी दहा मिनिटंसुद्धा बसलेला नसतो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, नवव्या अध्यायात, चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि स्वतः रोगी. हा तिसरा पाय म्हणजे आपण. त्याच्यासाठी त्याच अध्यायात दोन शब्द येतात. एक 'परिचर', म्हणजे भोवती फिरणारा. दुसरा 'उपस्थाता', म्हणजे जवळ उभा राहणारा. आपण परिचर चांगले होतो, जवळ राहणं मात्र राहून जातं. धावपळ वाटून घेता येते, पैसे देऊन कुणाकडून करूनही घेता येते. जवळ बसण्याचं तसं नाही.

चरकानं या माणसाचे चार गुण सांगितले: सेवेची माहिती, दक्षता, अनुराग आणि शुचिता. यादीत नातं नाही, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. जखमींना लातूर-सोलापूरच्या दवाखान्यांत आणलं, तेव्हा त्यांतल्या कितीतरी जणांच्या घरात मागं कुणी उरलेलं नव्हतं. तिथं 'नातेवाईक कोण?' या प्रश्नाला जे कुणी 'मी' म्हणून पुढं झालं असेल, तो उपस्थाता.

आणि उलटही होतं. सख्खी माणसं खाटेभोवती उभी असतात, पण रोग्यापाशी कुणीच नसतं. समाचाराला आलेले पाहुणे मोसंबी ठेवतात आणि मुलाला विचारतात, 'काही खाल्लं का यांनी?' अहो, 'हे' जागे आहेत, ऐकताहेत! व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर आडवा झाला की माणूस द्वितीय पुरुषातून तृतीय पुरुषात जातो. त्याच्याशी बोलणं थांबतं, त्याच्याविषयी बोलणं सुरू होतं.

याचं टोक म्हणजे 'त्यांना काही सांगू नका.' हे प्रेमापोटीच होतं, यात शंका नाही. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर यांनी १९२७ सालच्या आपल्या ग्रंथात दुसऱ्याची काळजी घेण्याच्या दोन तऱ्हा सांगितल्या आहेत. एकीत आपण त्याच्या जागी उडी घेतो, त्याचं ओझं काढून घेतो, आणि तो नकळत आपल्यावर अवलंबून होतो. दुसरीत आपण त्याचं ओझं त्याला परत पेलता यावं म्हणून वाट मोकळी करतो. आपल्या घरांत पहिली तऱ्हा फार चालते. रोगी तर आपल्या तोंडाकडं बघूनच ओळखतो. मग तोही काही कळलं नाही असं दाखवतो, आपणही दाखवतो, आणि भरल्या वॉर्डात तो एकटा पडतो. त्याला बहिणीला बोलावून घ्यायचं असतं, शेताच्या वाटणीचं बोलायचं असतं, ते तसंच राहतं.

पहिल्याच दिवशी रिपोर्ट वाचून दाखवा असं आमचं म्हणणं नाही. काहींना खरंच ऐकायचं नसतं. पण ते ठरवायचं त्यांनी. 'डॉक्टर बोललेत. तुम्हाला किती सांगू?' एवढं विचारता येतं. त्यावर 'नको' आलं तर थांबावं, आणि उद्या पुन्हा विचारावं.

बाकी गोष्टी साध्या आहेत. घरातले तिघं असतील तर दोघांनी धावावं, एकानं बसावं, आणि बसलेल्याला चिठ्ठी घेऊन पाठवू नये. पायथ्याशी उभं राहू नये, तोंडासमोर बसावं. आज वार कोणता, गावाकडं पाऊस झाला का, सोयाबीनला काय भाव निघाला, हे सांगावं. वॉर्डात दिवस-रात्र एकच होऊन जातात, म्हाताऱ्या माणसाचा तर फार गोंधळ उडतो. बोलायला काही नसेल तर गप्प बसावं. मोबाइल मात्र खिशात ठेवावा. आणि निघताना नुसतं 'येतो' म्हणू नये, किती वाजता येणार ते सांगावं. स्टुलावरच्याला चहाला जाता येतं, फाटकापर्यंत चक्कर मारता येते. खाटेवरच्याला दाराकडं बघत राहण्यापलीकडं काही नसतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.