पटावरचा विद्यार्थी, लिलावातला खेळाडू

१९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिक सामन्यांना जाण्याइतके पैसे खाशाबा जाधव यांच्यापाशी नव्हते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावच्या या मल्लासाठी लोकवर्गणी सुरू झाली, परंतु ती अपुरी पडली. तेव्हा कोल्हापूरच्या ज्या राजाराम महाविद्यालयात ते शिकले होते, त्याचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर कुस्त्या लढून त्यांनी प्राचार्यांचे घर सोडविले आणि पुढे १९५५ साली मुंबई पोलिसांत फौजदाराची नोकरी पत्करली.

महाविद्यालय आणि खेळाडू यांच्यातील आर्थिक नात्याची ही एक कथा. दुसरी अलीकडची आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत प्रो कबड्डी लीगच्या नवव्या हंगामासाठी खेळाडूंचा लिलाव झाला. त्यासाठी पाचशेहून अधिक खेळाडूंची जी यादी करण्यात आली, तीत बंगळुरू येथे त्याच वर्षी झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतील दोन अंतिम संघांचे २४ विद्यार्थी-खेळाडू समाविष्ट होते. म्हणजे एप्रिल-मे महिन्यात विद्यापीठाची बंडी घालून खेळलेला तरुण ऑगस्टमध्ये बोलीसाठी उभा राहिला. पहिल्या कथेत महाविद्यालय पैसे देणारे होते. दुसऱ्या कथेत ते माल पुरविणारे झाले आहे. या स्थित्यंतराचा विचार शिक्षकांनी, पालकांनी आणि स्वतः विद्यार्थ्यांनी शांतपणे करणे अगत्याचे आहे.

नोकरीच्या रूपातील वेतन

महाविद्यालयीन खेळाडूला पैसा मिळतो ही घटना आपल्याकडे नवी आहे असे मानणे हा भ्रम होय. तो पैसा पूर्वी रोख नव्हता, इतकेच. ठाण्याच्या खाडीकाठचे कोलशेत घ्या. आगरी-कोळी वस्तीच्या या पट्ट्यात, बाळकुम, ढोकाळी, माजिवडे येथपर्यंत, कबड्डी हा संध्याकाळचा नित्यक्रम होता. गावच्या मंडळात तयार झालेला मुलगा ठाण्याच्या महाविद्यालयात नाव घाली, आंतरमहाविद्यालयीन सामने खेळे, विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाई. त्याच्या डोळ्यांसमोर पदवीपेक्षाही एक ठोस गोष्ट असे. ती म्हणजे एखाद्या बँकेतील, रेल्वेतील किंवा मोठ्या कंपनीतील नोकरी. एअर इंडिया, देना बँक, भारत पेट्रोलियम, महिंद्र, मध्य व पश्चिम रेल्वे यांचे कबड्डी संघ महाराष्ट्राच्या मैदानांवर नाव कमावून होते आणि या संघांची भरती महाविद्यालये व मंडळे यांतूनच होत असे.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर हे पुढे ढकललेले वेतन होते. वीस-बाविसाव्या वर्षी दाखविलेल्या चपळाईचा मोबदला खेळाडूला अठ्ठावन्नाव्या वा साठाव्या वर्षापर्यंत मासिक पगाराच्या रूपाने मिळत राही. त्यात श्रीमंती नव्हती. परंतु गुडघा दुखावला तरी चूल विझत नसे. राज्य शासनाने सरकारी सेवेत खेळाडूंसाठी ठेवलेले ५ टक्के समांतर आरक्षण याच विचारसरणीतून आले. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली कांस्यपदक मिळविणारा कोल्हापूर जिल्ह्याचा नेमबाज स्वप्नील कुसाळे हा शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला आणि त्या वेळी मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला तरुण. जुनी व्यवस्था अजूनही फळ देऊ शकते याचा हा पुरावा होय.

तथापि या व्यवस्थेचा पाया खचत चालला आहे हे नाकारून चालणार नाही. देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये खासगी मालकीत गेली. कोलशेत रस्त्यावर जेथे रंग-रसायनांच्या कारखान्यांचे भोंगे वाजत, तेथे आता गृहसंकुलांचे मनोरे उभे आहेत. कायम नोकरीची जागा कंत्राटाने घेतली की खेळाडूसाठी राखून ठेवलेली खुर्चीही हळूहळू उचलली जाते. आरक्षणाच्या खुर्चीलाही कीड लागली. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांच्या आधारे शासकीय नोकऱ्या मिळविल्याची प्रकरणे राज्यात उघडकीस आली, तेव्हा खऱ्या खेळाडूच्या प्रमाणपत्राकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले.

बोलीचे अर्थशास्त्र

या पोकळीत २०१४ साली प्रो कबड्डी लीग अवतरली. गंमत अशी की, ज्या संघटनेच्या छत्राखाली ती भरते, तिच्या नावात ‘हौशी’ हा शब्द आजही आहे. पहिल्या लिलावात राकेश कुमार या भारताच्या नामवंत खेळाडूला १२ लाख ८० हजार रुपये मिळाले आणि तोच त्या वेळचा उच्चांक होता. नऊ वर्षांनी, २०२३ साली, पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाखांहून अधिक रक्कम मोजण्यात आली. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई २०१८ साली ३६ लाख ४० हजारांना मुंबईच्या संघात गेला. पुढच्याच वर्षी त्याची बोली १ कोटी ४५ लाखांवर पोहोचली. ज्या खेळाला शहरी मध्यमवर्गाने ‘गावठी’ म्हणून बाजूस सारले होते, त्या खेळातील मुलाला इतका मोबदला मिळावा, याचा आनंदच मानला पाहिजे. घाम गाळणाऱ्याने निरिच्छ असावे आणि तिकीट विकणाऱ्याने मात्र नफा मोजावा, हा न्याय कोणत्याही नीतिशास्त्रात बसत नाही.

प्रश्न मोबदल्याचा नाही. तो त्याच्या वाटणीचा आणि टिकण्याचा आहे. लीगमध्ये २०१७ पासून १२ संघ आहेत. प्रत्येक संघात फार तर २५ खेळाडू घेता येतात. म्हणजे साऱ्या देशात मिळून जागा जास्तीत जास्त ३००. त्यांत परदेशी खेळाडू आले, हरियाणा आणि तामिळनाडूतील तगडे खेळाडू आले. एकट्या मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांतून दरवर्षी किती मुले कबड्डीच्या मैदानात उतरतात याचा कोणीही अंदाज करावा आणि त्या ३०० जागांशी ताडून पाहावा. लॉटरीत एकाला लाख मिळाल्याची बातमी छापून येते. तिकीट फाडून टाकणाऱ्या हजारांची येत नाही. बाजाराच्या या स्वभावामुळे तरुण माणूस यशाची शक्यता नेहमीच फुगवून पाहतो.

शिवाय ज्याला जागा मिळाली त्याचीही शाश्वती नाही. लीगच्या इतिहासातील सर्वांत यशस्वी चढाईपटू प्रदीप नरवाल याची बोली २०२१ साली १ कोटी ६५ लाख होती. २०२४ साली ती ७० लाखांवर आली आणि २०२५ च्या लिलावात त्याला कोणीच घेतले नाही. त्याने निवृत्ती पत्करली. विक्रमवीराची ही गत, तर गुडघ्याचा बंध तुटलेल्या, ना नावारूपाला आलेल्या, ना पदवी पुरी केलेल्या एकवीस वर्षांच्या मुलाने कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

अमेरिकेतील धडा

याच प्रश्नाशी अमेरिकेतील विद्यापीठे गेली काही वर्षे झुंजत आहेत. तेथील महाविद्यालयीन फुटबॉल व बास्केटबॉल हा अब्जावधी डॉलरचा व्यवहार आहे. प्रशिक्षकांना कोट्यवधींचे वेतन मिळे; खेळाडूला मात्र ‘विद्यार्थी’ म्हणून शिष्यवृत्तीपलीकडे काही घेण्यास मज्जाव होता. खरेदी करणारे सारे एकत्र येऊन श्रमाची किंमत शून्याजवळ बांधून ठेवतात, त्या स्थितीचे पाठ्यपुस्तकातील याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण. २०२१ च्या जूनमध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ९ विरुद्ध ० मतांनी शिक्षणाशी निगडित लाभांवरील बंधने बेकायदा ठरविली. त्याच जुलैपासून खेळाडूंना आपले नाव व छबी यांच्या जाहिरातीतून पैसे मिळविण्याची मोकळीक मिळाली. ६ जून २०२५ रोजी मान्य झालेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आता आपल्या उत्पन्नातून थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर आहे.

अन्याय दूर झाला, परंतु नवे प्रश्न उभे राहिले. पैशाचा बहुतांश ओघ पुरुषांच्या फुटबॉल व बास्केटबॉलकडे वळला. अधिक रकमेच्या शोधात खेळाडू वर्षागणिक विद्यापीठ बदलू लागले आणि अभ्यासक्रमाची सलगता तुटली. काही विद्यापीठांनी उत्पन्न न देणारे क्रीडाप्रकार गुंडाळले. आपल्यासाठी यातून निघणारा बोध दुहेरी आहे. पैसा रोखून धरणे हा अन्याय आहेच. परंतु नियम न ठरविता त्याला मोकाट सोडणे हाही दुर्बळांवरचा अन्यायच ठरतो.

आपल्याकडे विद्यापीठे अद्याप खेळाडूंना वेतन देत नाहीत; पण शुल्कमाफी, वसतिगृह आणि आहार यांच्या रूपाने स्पर्धा सुरू झालीच आहे. विद्यापीठीय क्रीडाक्षेत्रातील मानाचा मौलाना अबुल कलाम आझाद करंडक २०२४ साली चंदीगड विद्यापीठ या खासगी संस्थेने पटकावला, ही घटना पुरेशी बोलकी आहे. खेळाडूच्या शुल्कावर पाणी सोडू शकणारी धनवान संस्था आणि जिमखाना शुल्कातून जेमतेम चेंडू, चटया विकत घेणारे ठाण्या-कल्याणचे अनुदानित महाविद्यालय, यांच्यातील ही शर्यत समान नाही. केंद्र शासनाच्या खेलो इंडिया योजनेत निवडलेल्या खेळाडूस वर्षाला १ लाख २० हजार रुपये हातखर्चासाठी मिळतात, ही चांगली गोष्ट. पण निवड थोड्यांचीच होते.

मुलींचे काय?

या साऱ्या चर्चेत एक बाजू अंधारात राहते. प्रो कबड्डी पुरुषांची आहे. महिलांसाठी २०१६ साली तीन संघांची एक छोटी स्पर्धा झाली आणि ती तेथेच थांबली. वस्तुतः महाराष्ट्राच्या मुलींची या खेळातील परंपरा मोठी. २०१२ साली पाटण्यात महिलांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला, तेव्हा अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के या तिघी त्या संघात होत्या व राज्य शासनाने प्रत्येकीला १ कोटी रुपये दिले. परंतु पारितोषिक हे वेतन नव्हे. ते शिखरावर पोहोचल्यानंतर मिळते. चढण चढताना मिळत नाही. कोलशेत किंवा डोंबिवलीतील जी मुलगी सकाळी सराव करून महाविद्यालयात येते, तिच्यापुढे लिलावही नाही आणि ओसरत चाललेल्या नोकऱ्यांत तिचा वाटाही अनिश्चित आहे. बाजार ज्याची किंमत करीत नाही त्याचे मोल समाजाने करावयाचे असते. सार्वजनिक पैशावर पहिला हक्क तिचाच असला पाहिजे.

करता येण्याजोगे

मग करावे काय? पहिली गोष्ट कराराची. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हाती इंग्रजी कागद ठेवला जातो आणि तो आनंदाच्या भरात सही करतो. महाविद्यालयात वाणिज्य व विधी शाखांचे प्राध्यापक असतात. त्यांनी तो कागद वाचून मराठीत समजावून द्यावा, एवढी व्यवस्था विनाखर्च होऊ शकते. दुसरी गोष्ट दुखापतीच्या विम्याची. विद्यापीठाच्या संघातून खेळणाऱ्या प्रत्येक मुलामुलीचा विमा विद्यापीठाने उतरवावा; मैदानावर नाव विद्यापीठाचे आणि मोडलेले हाड घरच्यांचे, हा हिशेब बदलला पाहिजे. तिसरी गोष्ट अभ्यासाच्या परतीची. हंगामासाठी गेलेल्या विद्यार्थ्याला परीक्षा पुढे देण्याचा व दोन-तीन वर्षांनी त्याच टप्प्यावर परत येण्याचा हक्क नियमाने मिळावा. तो क्रीडाशिक्षकाच्या विनवणीवर अवलंबून असू नये. हजेरीतील सवलत ही पदवीची खिरापत मात्र होता कामा नये. जो वर्गात कधी शिकलाच नाही त्याला दिलेले प्रमाणपत्र लिलावाचे दार बंद झाल्यावर निरुपयोगी ठरते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जागतिक फुटबॉलमध्ये खेळाडूच्या खरेदी-विक्रीच्या रकमेतील ५ टक्के वाटा त्याला लहानपणी घडविणाऱ्या क्लबांना वाटला जातो. आपल्याकडे गावच्या मंडळाने दहा वर्षे घडविलेला, महाविद्यालयाने चार वर्षे सांभाळलेला खेळाडू लिलावात लाखोंना जातो आणि त्यांतील एक रुपयाही त्या मातीकडे परत येत नाही. कोलशेतसारख्या गावांत मैदानाची जमीनच सोन्याच्या भावाची झाली असताना मंडळांनी केवळ हौसेवर तग धरावा, ही अपेक्षा अवास्तव आहे. बोलीच्या रकमेतील लहानसा अंश मंडळ व महाविद्यालय यांना देण्याचा नियम झाला, तर पुढच्या पिढीच्या सरावाची सोय होईल. आणि त्यातील काही भाग मुलींच्या संघासाठी राखून ठेवता येईल.

खर्डेकरांनी घर गहाण टाकले हे त्यांचे थोरपण. परंतु समाजाने थोरपणावर विसंबून व्यवस्था चालवावयाची नसते. आज पैसा आहे; तो प्राचार्यांच्या घरावर काढावा लागत नाही. उणीव आहे ती त्या दिवशी प्राचार्यांनी घेतलेल्या जबाबदारीची. त्यांनी आपल्या विद्यार्थ्याला हेलसिंकीला धाडताना त्याची बोली लावली नव्हती, तो त्यांच्या दृष्टीने महाविद्यालय सोडल्यावरही विद्यार्थीच होता. आज लिलावाच्या मंचावरून एखादा मुलगा रिकाम्या हाताने कोलशेतला परत येईल, तेव्हा त्याचे नाव महाविद्यालयाच्या पटावर अजून शाबूत असेल का, यावर या सर्व बदलाचे मूल्यमापन व्हावयाचे आहे.