चावीच्या घड्याळातील कारागिरी आणि आपला विवेक

मुंबईच्या फोर्ट भागात विद्यापीठाच्या आवारात राजाबाई टॉवर उभा आहे. कापसाच्या व्यापारातून कीर्तीस चढलेले जैन व्यापारी शेठ प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी २ लाख रुपयांची देणगी दिली आणि मनोऱ्याला मातोश्रींचे नाव दिले. १८६९ मध्ये आरंभलेले काम १८७८ मध्ये पूर्ण झाले. दृष्टी गेलेल्या मातोश्रींना सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ घंटानादावरून कळावी, असा शेठजींचा हेतू होता, असे परंपरेने सांगितले जाते. चोविहार आणि ४८ मिनिटांचे सामायिक पाळणाऱ्या समाजाला काळाचे मोल नव्याने सांगावे लागत नाही. म्हणूनच काळ मोजणारे यंत्र घडते कसे, त्याला लाखो रुपयांचे मोल का येते आणि ते घेताना श्रावकाने काय पाहावे, याचा विचार येथे केला आहे.

चावीच्या घड्याळात विजेचा अंशही नसतो. डबीत गुंडाळलेली पोलादी कमान चावी दिल्याने आवळली जाते आणि सैल होताना दंतचक्रांना शक्ती पुरवते. ही शक्ती एकदम सुटली, तर काटे क्षणात गरगर फिरून थांबतील. म्हणून शेवटच्या चक्रापाशी एक पहारेकरी बसवलेला असतो. ही नांगराच्या आकाराची चिमुकली तरफ एका वेळी एकच दात पुढे सोडते. टिकटिक ऐकू येते ती तिचीच. तिला ताल देते ते तोलचक्र, आणि त्याला मागेपुढे झुलवते केसाहून बारीक तारेची कमान. आजचे अनेक उत्तम घड्याळ सेकंदाला ८ ठोके देते, म्हणजे दिवसाला ६,९१,२०० ठोके. स्वित्झर्लंडची अधिकृत तपासणी संस्था असे यंत्र १५ दिवस, ५ स्थितींत व ३ तापमानांत पारखते. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत सरासरी ४ सेकंद मागे किंवा ६ सेकंद पुढे, एवढीच चूक तिला मान्य असते.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करून घेणाऱ्या वाचकांना यातील कठीण भाग लगेच उमगेल. सुटा भाग अचूक कातणे आज संगणकीय यंत्रालाही जमते. खरी किंमत त्यानंतरच्या हातकामाची असते. प्रत्येक पट्टीच्या कडा तिरप्या घासून आरशासारख्या चकाकवतात. आत वळणाऱ्या टोकदार कोपऱ्यापर्यंत फिरते चाक पोहोचत नाही, तेथे कारागिराची कानसच चालते. जाणकार भिंगातून प्रथम हाच कोपरा पाहतात. तबकडीवरील बारीक लहरी कोरण्यासाठी काही कारखान्यांत हाताने फिरवायची जुनी यंत्रे अजून वापरात आहेत. ब्रेगे या कारागिराने १८०१ मध्ये एकस्व घेतलेल्या ‘तूरबियों’ रचनेत तोलचक्रासह सारा पिंजराच फिरत राहतो. खिशात उभ्या राहणाऱ्या घड्याळावर गुरुत्वाकर्षणाचा जो परिणाम होई, तो सर्व बाजूंना सारखा वाटला जावा, ही त्यामागील कल्पना.

अचूकतेच्या दृष्टीने ही कला १९६९ मध्येच हरली. त्या वर्षी जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ बाजारात आणले आणि पुढील दीड दशकात स्विस उद्योगातील हजारो कारागिरांचा रोजगार गेला. आपल्याकडे एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळे बनवण्यास आरंभ केला. तिचे ‘जनता’ पेढीवरच्या कित्येक हातांनी रोज सकाळी चावी देऊन चालवले. तोही कारखाना काळाच्या ओघात बंद पडला. महाग चावीचे घड्याळ आज विकले जाते ते वेळेसाठी नव्हे, तर हातकौशल्यासाठी. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांशी झालेला व्यापार करार अमलात आला असून स्विस घड्याळांवरील आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. साहजिकच हा मोह आपल्या घरांपर्यंत अधिक सहज पोहोचेल.

येथे आपला प्रश्न सुरू होतो. भारी घड्याळाचा पट्टा बहुधा मगरीच्या किंवा वासराच्या कातड्याचा असतो. काही तबकड्या शिंपल्याच्या असतात. पूर्वी घड्याळाला घालावयाचे उत्तम तेल डॉल्फिनवर्गीय जलचरांच्या जबड्यातील चरबीपासून काढत. आता त्याची जागा कृत्रिम तेलांनी घेतली आहे. माणकाचे खडेही शंभराहून अधिक वर्षे भट्टीतच तयार होतात. मात्र तरफेवरील दोन खडे चिकटवण्यासाठी सामान्यतः आजही लाखच वापरतात, आणि लाख किड्यांपासून मिळते. श्रावकाला वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य आणि लाक्षावाणिज्य ही दोन्ही नावे आहेत. दंतवाणिज्यात दातांबरोबर हाडे आणि कातडेही येतात. पट्टा पोलादाचा किंवा कापडाचा घेता येतो, तबकडी धातूची निवडता येते. लाखेचा तो कण मात्र गिऱ्हाइकाच्या हाती नाही. तो ज्यांना खुपतो त्यांनी क्वार्ट्झ वापरावे, तेथे ती तरफच नसते. इतरांनी निदान हे जाणून घ्यावे.

दुसरा प्रश्न अपरिग्रहाचा. दहा घड्याळे पेटीत ठेवणे हा संग्रह झाला. एकच घड्याळ दर चार-पाच वर्षांनी उघडून, धुऊन, तेल घालून पिढ्यान्‌पिढ्या चालवणे हा सांभाळ झाला. चावीच्या घड्याळाचे वैशिष्ट्य असे की, झिजलेला भाग कुशल कारागीर पुन्हा घडवू शकतो. म्हणून नवे घेण्याआधी घरातील जुने ‘जनता’ जवळच्या घड्याळजीकडे न्यावे. तेल वाळले आहे की कमान तुटली आहे, हे तो झाकण उघडून सांगेल. ते पुन्हा चालू लागले, तर एक वस्तू वाचेल आणि एका कारागिराच्या हाताला काम मिळेल.