साडी नेसलेली मरियामाता

चर्चची पायरी कधीच चढला नाही असा मराठी माणूस आपल्या मॉरिशसमध्ये विरळाच. दर वर्षी ९ सप्टेंबरला पेर लावाल यांच्या समाधीवर मेणबत्ती लावायला ख्रिस्ती लोक सेंत-क्र्वाला जातात, तसे हिंदूही जातात. हे फ्रेंच धर्मगुरू १८४१ साली येथे आले आणि १८६४ साली वारले. समाधीवरच्या त्यांच्या रंगीत मूर्तीला हात लावून आपल्यापैकी कितीतरी आयाबायांनी घरच्या दुखण्यासाठी मागणे मागितले आहे. काप मालेरेच्या लाल छपराच्या चर्चमध्येही आपण पाहुण्यांना हौसेने नेतो. तिथे पवित्र पाण्यासाठी मोठा शिंपला ठेवला आहे तो दाखवतो, समुद्र पाहतो आणि परत येतो.

या चर्चमधून येशू बहुधा गोरा, मरिया गोरी आणि देवदूतही गोरेच असतात. आपल्याला त्याचे नवल वाटत नाही. पाहून पाहून डोळ्यांना सवय झाली आहे. पण हीच मरिया काठापदराची साडी नेसून, अनवाणी, जमिनीवर मांडी घालून बसलेली दिसली तर?

आम्ही काही शिक्षक मंडळी भारतात गेलो असताना गोव्यात पर्वरी येथे झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्रात अशी चित्रे पाहिली. आंजेलो दा फोन्सेका या चित्रकाराची ती जलरंगातली चित्रे. चित्रांपुढे आमच्यात दोन तट पडले. एक बाई म्हणाल्या, “ही तर अगदी आपल्या घरची काकी वाटते.” दुसरे गुरुजी मात्र कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “आपला वेष घेऊन आपल्याच माणसांना भुलवायची ही युक्ती.” वाद बराच वेळ चालला. वाचक बंधुभगिनींनो, तो वाद आपल्या घराघरांतलाही आहे, म्हणून येथे मांडतो.

आधी त्या चित्रकाराविषयी. फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांत इस्तेव्ह या बेटावर एका कॅथलिक घराण्यात झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकले आणि पुढे शांतिनिकेतनला गेले. तेथे अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्या हाताखाली त्यांनी भारतीय पद्धतीची चित्रकला आत्मसात केली. १९३० च्या सुमारास गोव्यात परतल्यावर त्यांनी मरियामाता रंगवली ती आपल्या आजूबाजूच्या बायांसारखी, सावळी आणि साडीतली. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. तेथील धर्माधिकाऱ्यांना आणि प्रतिष्ठितांना ही चित्रे मुळीच रुचली नाहीत. देवाच्या आईला रस्त्यावरच्या बाईसारखी दाखवली, हा त्यांचा राग. अखेर फोन्सेका यांनी गाव सोडले. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्यांना आसरा दिला आणि पुण्यातच त्यांनी चित्रे काढत उरलेले आयुष्य घालवले. १९६७ साली त्यांचे निधन झाले. पुढे त्यांच्या पत्नीने पुष्कळशी चित्रे पर्वरीच्या केंद्राला दिली. ज्या गोव्याने त्यांना दूर केले, त्याच गोव्यात ती आज जपून ठेवली आहेत.

नवल असे की, गोव्याला हे सारे नवे नव्हते. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी मराठी ओवीत रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले होते. म्हणजे येशूची कथा मराठी बोलली त्याला तीन शतके उलटून गेली होती. त्याच सतराव्या शतकात गोव्याच्या कारागिरांनी हस्तिदंतात बाळयेशू मेंढपाळ कोरला, तो डोळे मिटून ध्यानाला बसलेला. दुरून पाहावे तर बुद्धच वाटावा. काही जुन्या चर्चमधील प्रवचनपीठांखाली नागकन्याही कोरलेल्या आहेत. कारागीर बिचारे अनामिक. हाताला जे वळण होते ते लाकडात आणि हस्तिदंतात उतरले, आणि कोणी त्यांना हाकलले नाही. फोन्सेका यांनी तेच उघडपणे, विचारपूर्वक आणि स्वतःच्या नावाने केले, तेव्हा मात्र ते खपले नाही. गोरा चेहरा हा तोवर मोठेपणाची खूण होऊन बसला होता. आपल्यासारखी दिसणारी देवमाता त्या लोकांना कमीपणाची वाटली.

आता आमच्या गुरुजींची शंका. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. गोव्यात एके काळी देवळे पाडली गेली, पोथ्या हिरावल्या गेल्या. बाटलेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती, आणि त्यांची जागा भरून काढावी म्हणूनच ख्रिस्तपुराण रचले गेले. तेव्हा वेषाआड हेतू असू शकतो, हे इतिहासाला धरूनच आहे. पण फोन्सेका जन्माने कॅथलिक. साडी त्यांनी कोणाकडून उसनी आणली नव्हती, ती त्यांच्याच घरादारांतली होती. आपल्याच आईसारख्या बाईत त्यांना देवाची आई दिसली. या चित्रांना युक्ती म्हणायला आमचे मन तरी धजत नाही.

आणि आपल्याकडे काय झाले ते पाहू. आपल्या देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी बहुतेक राजा रविवर्म्याच्या वळणाच्या. त्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि देव घरोघर पोचवले. ती रंगवण्याची रीत मात्र युरोपातून आलेल्या तैलचित्रांची होती! आज आपण त्याच चित्रांना परंपरा म्हणून हात जोडतो. आपला गंगातलावही तसाच. ग्रां बासां हे डोंगरातले तळे, आपल्या पूर्वजांच्या श्रद्धेने ते पवित्र झाले. १९७२ साली त्यात गंगेचे पाणी मिसळले आणि २००७ साली काठावर १०८ फुटी महादेव उभा राहिला. काशीच्या एखाद्या शास्त्र्याने नाक मुरडले असते तर आपल्याला कसे वाटले असते? सातासमुद्रापार आलेल्या माणसाला देव जवळ हवा असतो. तो त्याला आपल्या मातीत बसवतो. आपल्या क्रेओल शेजाऱ्याने चर्चमध्ये क्रेओल भाषेत भजन म्हटले, किंवा येशू त्याच्यासारखा काळा रंगवला, तर त्यातही तीच ओढ आहे.

याचा अर्थ प्रत्येक विचित्र चित्रापुढे मान तुकवावी असा नाही. भक्तीने काढलेले चित्र वेगळे आणि टवाळीसाठी काढलेले वेगळे. तो फरक ओळखायला डोळ्यांना वेळ मात्र द्यावा लागतो. उद्या आपल्याच एखाद्या मुलाने गणपती नव्या तऱ्हेने काढला, तर पहिल्या झटक्यात त्याचा कागद फाडू नये. त्याला काय दिसले ते आधी विचारावे. फोन्सेका यांना गाव सोडावे लागले. आपल्या गावातल्या मुलावर ती पाळी का यावी?

सुट्टीत मुलांना घेऊन जवळच्या चर्चमध्ये जरूर जा. प्रार्थना चालू असेल तर मागे बसा आणि आवाज करू नका. मुलांना एकेका मूर्तीपुढे घटकाभर उभे करा. हिचा चेहरा कोणासारखा आहे, आणि तो तसा का, एवढेच त्यांना विचारा. उत्तरे मुलांनाच देऊ द्या.